अमेरिकी सरकारचा हिशेब कोण मागतं?

२००७ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका कंपनीने किरणोत्सारी पदार्थ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. रस्ता किंवा इमारत बांधताना माती किती घट्ट बसली आहे, तिच्यात ओल किती आहे, हे मोजणारी यंत्रं असतात. त्यांत सीझियम आणि अमेरिशियम हे किरणोत्सारी पदार्थ थोड्या प्रमाणात असतात. कंपनीला ती यंत्रं घ्यायची होती. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने २८ दिवसांत परवाना देऊन टाकला. कंपनी पाहायला कुणी गेलं नाही. गेलं असतं तर टपाल घ्यायच्या पत्त्यापलीकडे काही सापडलं नसतं, कारण कंपनी फक्त कागदावर होती.

अर्जदारांनी मग परवान्याच्या प्रतीवरची संख्येची मर्यादा संगणकावर पुसून टाकली आणि तो बदललेला कागद दोन पुरवठादारांना दाखवला. दोघेही माल द्यायला तयार झाले. सगळी यंत्रं गोळा केली असती तर त्यांतला किरणोत्सारी साठा धोकादायक ठरण्याइतका झाला असता. तिथे अर्जदार थांबले, कारण ते दहशतवादी नव्हते आणि पत्रकारही नव्हते. ते सरकारी ऑडिटर होते.

याच लोकांनी मेरीलँड राज्यातही तसाच अर्ज केला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, आम्ही आधी जागा पाहायला येऊ, किमान सात महिने लागतील. ऑडिटरांनी अर्ज निमूटपणे मागे घेतला. अहवालात दोन्ही गोष्टी आल्या, ढिलाईही आणि चोख कामही. नंतर परवान्याची पद्धत कडक झाली. २०१६ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा तीन बनावट कंपन्या उभ्या करून तीन राज्यांत अर्ज केले. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी परवाना मिळाला! म्हणजे नऊ वर्षांत सुधारणा झाली होती, पण पुरती नाही. ‘झाली, पण पुरती नाही’ हा या संस्थेच्या बहुतेक अहवालांचा सूर असतो.

संस्थेचं नाव गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस, म्हणजे सरकारी उत्तरदायित्व कार्यालय. सगळे तिला जीएओ म्हणतात. ढोबळ ओळख करून द्यायची तर आपल्याकडच्या कॅगची अमेरिकन चुलत बहीण. फरक बरेच आहेत, ते पुढे येतीलच. सुमारे साडेतीन हजार माणसं, वर्षाला ८१ कोटी डॉलरच्या आसपास खर्च, आणि काम काय, तर अमेरिकेचं संघराज्य सरकार, म्हणजे पेंटॅगॉनपासून टपालखात्यापर्यंतची सगळी खाती, पैसा कसा वापरतात आणि कारभार कसा करतात हे तपासून काँग्रेसला सांगणं. काँग्रेस म्हणजे तिथली संसद.

या संस्थेला कुणाला दंड करता येत नाही, कुणाला नोकरीवरून काढता येत नाही, कुठलंही खातं बंद करता येत नाही. हातात काठी नसताना ती वचक कसा ठेवते, हे समजलं की बाकीची यंत्रणा आपोआप कळते.

पावत्या तपासणारे कारकून

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने भरमसाट कर्ज काढलं आणि खर्चाचा ताळमेळ कुणालाच लागेना. त्यातून १९२१ चा अर्थसंकल्प आणि लेखा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी सही केलेल्या या एकाच कायद्याने दोन गोष्टी जन्माला घातल्या. एक, राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचं अर्थसंकल्प कार्यालय. दुसरी, राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली नसलेलं लेखापरीक्षण कार्यालय. खर्च मांडणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. आज ही दोन्ही कार्यालयं एकमेकांसमोर उभी ठाकतात, ती मुळात जुळी भावंडं आहेत.

सुरुवातीचं काम कंटाळवाणं होतं. सरकारने दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती या कार्यालयात यायची आणि कारकून ती कायद्याशी ताडून पाहायचे. वॉशिंग्टनच्या पेन्शन बिल्डिंगच्या भव्य दालनात टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत कोलमडली. नोकरवर्ग १४ हजारांवर गेला, तरी १९४५ पर्यंत तपासायच्या राहिलेल्या पावत्यांचा ढीग साडेतीन कोटींवर पोचला होता. पावती न् पावती तपासण्याचा नाद मग सोडावा लागला. ते काम हळूहळू खात्यांकडेच गेलं आणि ऑडिटर मोठे प्रश्न विचारू लागले. हिशेब बरोबर आहे का, एवढ्यावर न थांबता या पैशातून व्हायचं ते काम झालं का, असं विचारू लागले. साठच्या दशकात गरिबी हटवण्याच्या योजनांची तपासणी त्यांनी याच नजरेने केली. पुढे २००४ मध्ये संस्थेच्या नावातला ‘अकाउंटिंग’ हा शब्द जाऊन ‘अकाउंटॅबिलिटी’ आला.

संस्थेच्या प्रमुखाला कंट्रोलर जनरल म्हणतात. त्याची नेमणूक हा या व्यवस्थेतला सगळ्यांत विचारपूर्वक केलेला भाग आहे, असं मला वाटतं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतले, दोन्ही पक्षांचे नेते मिळून नावं सुचवतात, राष्ट्राध्यक्ष त्यांतून निवड करतात, सेनेट मंजुरी देतं. मुदत १५ वर्षं, आणि ती एकदाच. राष्ट्राध्यक्ष फार तर दोनदा निवडून येतो, म्हणजे आठ वर्षं. नेमणारा घरी जातो तरी नेमलेला खुर्चीत असतो, आणि त्याला पुन्हा नेमणूक मिळायची नसल्यामुळे कुणाची मर्जी राखायचं कारण उरत नाही. त्याला काढायचं तर काँग्रेसच काढू शकते, राष्ट्राध्यक्ष नाही. आपल्याकडे कॅगची मुदत सहा वर्षं किंवा वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत, आणि काढायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी. निवड मात्र व्यवहारात सरकारच करतं, विरोधी पक्षाला तिथे विचारलं जात नाही. दुसऱ्या बाजूने, कॅग हे घटनेने निर्माण केलेलं पद आहे, तर जीएओ साध्या कायद्यातून आलेली आहे. काँग्रेसने मनात आणलं तर ती संस्था छाटू शकते. हा कच्चा दुवा २०२५ मध्ये उघडा पडला.

काठी का दिली नाही

एकदा काठी द्यायचा प्रयत्न झाला होता. १९८५ मध्ये वाढती तूट आवरायला काँग्रेसने ग्रॅम, रडमन आणि हॉलिंग्ज या तीन सेनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. तूट ठरल्यापेक्षा जास्त झाली तर कुठे किती कपात करायची हे कंट्रोलर जनरल ठरवणार आणि राष्ट्राध्यक्षांनी ते अमलात आणायचं, अशी त्यात सोय होती. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही सोय घटनाबाह्य ठरवली. बाउशर विरुद्ध सायनार नावाने हा खटला ओळखला जातो. न्यायालयाचं म्हणणं असं: ज्या अधिकाऱ्याला काँग्रेस काढू शकते तो काँग्रेसचा माणूस. कायद्याची अंमलबजावणी हे राष्ट्राध्यक्षाच्या बाजूचं काम. काँग्रेसच्या माणसाने ते करायचं नाही.

म्हणजे राष्ट्राध्यक्षापासून मिळालेल्या संरक्षणाची ही किंमत आहे. तपासणीस स्वतंत्र हवा असेल तर त्याने कारभारात हात घालायचा नाही.

मग उरतो तो अहवाल. काँग्रेसची एखादी समिती विषय देते किंवा कायद्यातच लिहिलेलं असतं की अमुक योजनेची तपासणी जीएओने करावी. ऑडिटर कागद मागवतात, प्रत्यक्ष जागेवर जातात, अधिकाऱ्यांशी बोलतात. मसुदा तयार झाला की तो आधी त्याच खात्याकडे जातो. खातं लेखी उत्तर देतं की ही शिफारस मान्य, ही अमान्य, इथे तुमची समजूत चुकली. ते उत्तर जसंच्या तसं अहवालाला जोडलं जातं. मला विचाराल तर अहवालाची शेवटची पानं आधी वाचावीत. खात्याची चिडचिड आणि सारवासारव तिथे सरकारी इंग्रजीत शिस्तीत मांडलेली असते.

अहवाल सगळ्यांना वाचायला खुला होतो. गोपनीय भाग असला तर तो वगळून. आणि त्यातली प्रत्येक शिफारस क्रमांकासह एका यादीत जाते. पूर्ण होईपर्यंत ती ‘उघडी’ राहते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. ऑडिटरने शेरे मारले की कमिटीला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, आणि मागच्या वर्षीचा शेरा यंदाही तसाच राहिला तर वार्षिक सभेत कुणीतरी उठून विचारतंच. इथे ती वार्षिक सभा म्हणजे काँग्रेसच्या समितीची सुनावणी, आणि विचारणारे खासदार टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसलेले असतात.

चार वर्षांच्या आत साधारण ७० ते ७५ टक्के शिफारशी अमलात येतात. हुकूम देण्याची ताकद नसलेल्या संस्थेसाठी हा आकडा मोठा आहे. तरी कुठल्याही दिवशी पाच हजारांहून जास्त शिफारशी उघड्या पडलेल्या असतात. २०१९ पासून तर कायद्यानेच खात्यांना सांगितलं आहे की पुढच्या वर्षाचं बजेट मागताना आपल्या उघड्या शिफारशींचं काय केलं ते लिहा. पैसे मागायच्या वेळी जुनी उधारी आठवून द्यायची, हे शहाणपण इकडेही उचलण्यासारखं आहे.

धोक्याची यादी

१९९० मध्ये जीएओने १४ विषयांची एक यादी केली, जिथे पैसा वाया जाण्याची, फसवणुकीची किंवा काम कोसळण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे अशी. तिला हाय रिस्क यादी म्हणतात. दर दोन वर्षांनी, नवी काँग्रेस बसली की ती नव्याने येते. २०२५ च्या यादीत ३८ विषय होते. यादीत जाणं सोपं, बाहेर पडणं कठीण. त्यासाठी पाच कसोट्या आहेत. वरच्या अधिकाऱ्यांची इच्छा दिसली पाहिजे, माणसं आणि पैसा असला पाहिजे, आराखडा असला पाहिजे, प्रगती मोजली गेली पाहिजे, आणि शेवटी ती प्रगती प्रत्यक्षात दिसली पाहिजे. नुसता आराखडा दाखवून कुणाची सुटका होत नाही.

काही विषय सुटले आहेत. २०२० च्या जनगणनेचं काम यादीत होतं, २०२३ मध्ये बाहेर पडलं. पण ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याची मेडिकेअर योजना, संरक्षण खात्याची शस्त्रखरेदी, करवसुली आणि नासाची मोठ्या प्रकल्पांची खरेदी हे चार विषय १९९० पासून आजवर तिथेच आहेत. पस्तीस वर्षं! एका माणसाची अख्खी नोकरी यात सरते. जीएओच्या हिशेबाने या यादीतल्या विषयांवर झालेल्या सुधारणांमुळे १९ वर्षांत सुमारे ७५९ अब्ज डॉलरचा फायदा झाला. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. आकडा संस्थेने स्वतःच काढलेला आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण निम्मा धरला तरी संस्थेचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

पेंटॅगॉनची गोष्ट तर वेगळीच. सगळ्या मोठ्या खात्यांनी दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत असा नियम नव्वदच्या दशकात आला. संरक्षण खात्याचं संपूर्ण ऑडिट पहिल्यांदा झालं २०१८ मध्ये. तेव्हापासून दरवर्षी निकाल एकच: ऑडिटर मत देऊ शकत नाहीत, कारण कागदपत्रं पुरेशी नाहीत. खात्याकडे चार लाख कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता आहे. कुठली वस्तू कुठे आहे याची नोंद मात्र जुळत नाही. २०२३ च्या एका अहवालात जीएओने एफ-३५ या लढाऊ विमानाच्या सुट्या भागांचं उदाहरण दिलं. २०१८ पासून कंत्राटदारांकडून दहा लाखांहून जास्त सुटे भाग हरवले होते, किंमत साडेआठ कोटी डॉलरच्या वर, आणि त्यांतल्या दोन टक्क्यांहून कमी प्रकरणांची खात्याने दखल घेतली होती. हे भाग नेमके सरकारच्या मालकीचे की कंत्राटदाराच्या, यावरच खात्यात एकमत नव्हतं. एवढं मोठं खातं अडलेलं असल्यामुळे संपूर्ण अमेरिकी सरकारच्या एकत्रित ताळेबंदावरही जीएओला १९९७ पासून आजपर्यंत एकदाही मत देता आलेलं नाही. याच खात्यातल्या मरीन कोअर या दलाने मात्र २०२३ च्या हिशेबासाठी स्वच्छ शेरा मिळवला. म्हणजे काम अशक्य नाही. बाकीच्यांना २०२८ अखेरची मुदत आहे.

संगणकाच्या धंद्यातल्या मराठी मंडळींना २०१६ चा एक अहवाल आवडेल. जीएओने सरकारची सगळ्यांत म्हातारी संगणकप्रणाली शोधायला घेतली. करखात्याचं मूळ सॉफ्टवेअर साठच्या दशकातलं निघालं. त्याहून भारी म्हणजे, अण्वस्त्रदलांना संदेश पोचवणारी एक यंत्रणा सत्तरच्या दशकातल्या आयबीएम संगणकावर, आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. पुण्यात मेनफ्रेम सांभाळलेल्या कुणालाही जुनं सॉफ्टवेअर पाहून धक्का बसणार नाही, पण आठ इंची फ्लॉपी त्यांच्यातल्याही फार थोड्यांनी हातात धरली असेल. जगभर बातम्या झाल्या, हसं झालं, आणि २०१९ पर्यंत त्या फ्लॉप्या गेल्या. वचक बसतो तो असा.

आकडे नीट वाचायचे

या संस्थेचे आकडे राजकारणात सर्रास वापरले जातात, आणि बहुतेक वेळा चुकीचे. सगळ्यांत जास्त गैरवापर होतो तो ‘अयोग्य देयकां’च्या आकड्याचा. २०२४ या आर्थिक वर्षात खात्यांनी मिळून १६२ अब्ज डॉलरची अयोग्य देयकं झाल्याचा अंदाज कळवला. २००३ पासून त्या वर्षापर्यंतची बेरीज २.८ लाख कोटी डॉलर होते. मथळा येतो, ‘सरकारी तिजोरीतून इतक्या लाख कोटींची चोरी’. पण अयोग्य म्हणजे चोरी नव्हे. डॉक्टरने इलाज केला, पैसे मिळाले, पण फाइलमध्ये एक कागद कमी होता, तरी ते देयक अयोग्य. एखाद्याला मिळायला हवे त्यापेक्षा कमी पैसे दिले गेले, तरी तेही याच बेरजेत. बहुतांश भाग जादा दिलेल्या पैशांचा आहे हे खरं, पण त्यातला गैरव्यवहार किती, हे या आकड्यावरून सांगता येत नाही.

गैरव्यवहाराचा वेगळा अंदाज जीएओने २०२४ मध्ये दिला: वर्षाला २३३ ते ५२१ अब्ज डॉलर. दोन टोकांमधलं अंतर पाहा. त्यात कोविडची वर्षंही धरली आहेत, जेव्हा मदत घाईघाईने वाटली गेली होती. राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला. मला तो आक्षेप अगदीच चुकीचा वाटत नाही. अंदाज हा अंदाज म्हणूनच घ्यावा.

खात्याच्या आत बसलेला निरीक्षक

जीएओ बाहेरून तपासते. आतून तपासायला प्रत्येक मोठ्या खात्यात इन्स्पेक्टर जनरल असतो, म्हणजे महानिरीक्षक. वॉटरगेट प्रकरणानंतर सरकारवरचा विश्वास रसातळाला गेला होता, त्या काळात, १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी या कायद्यावर सही केली. सुरुवात बारा कार्यालयांपासून झाली, आज सत्तरहून जास्त आहेत.

या माणसाची जागा मोठी अवघड. पगार खात्याचा, कचेरी खात्यात, पण अहवाल दोघांना द्यायचा, खात्याच्या प्रमुखाला आणि काँग्रेसला. एखादी गंभीर गोष्ट सापडली तर तो प्रमुखाला पत्र लिहितो आणि प्रमुखाने ते सात दिवसांत काँग्रेसकडे पाठवायलाच हवं. जीएओला नसलेली एक गोष्ट अनेक महानिरीक्षकांकडे आहे: त्यांचे तपास अधिकारी गुन्ह्याचा तपास करून फौजदारी खटल्यापर्यंत प्रकरण नेऊ शकतात.

अफगाणिस्तानातल्या पुनर्बांधणीच्या खर्चासाठी २००८ मध्ये खास महानिरीक्षक नेमला गेला होता. त्या कार्यालयाने उघड केलेल्या अनेक प्रकरणांतलं एक म्हणजे अफगाण हवाई दलासाठी घेतलेली वीस इटालियन मालवाहू विमानं. एकूण खर्च सुमारे ५५ कोटी डॉलर. सुटे भाग मिळेनात, विमानं उडेनात. शेवटी काबूलमध्ये पडून असलेली सोळा विमानं वजनाच्या एका पाउंडाला सहा सेंट या भावाने भंगारात गेली.

अशा माणसांना काढून टाकायचा मोह कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला होणारच. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये पदावर येताच सगळ्यांना घरी पाठवलं, आरडाओरडा झाल्यावर त्यांतल्या काहींना परत घेतलं. नंतर कायदा कडक होत गेला. काढण्याआधी ३० दिवस काँग्रेसला कळवायचं, आणि २०२२ पासून तर त्या त्या व्यक्तीबाबतची सविस्तर कारणंही द्यायची. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारने सतराच्या आसपास महानिरीक्षकांना ईमेल पाठवून काढलं. ना ३० दिवस, ना सविस्तर कारणं. आठ जण न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश ॲना रेयेस यांनी निकाल दिला की हे बेकायदा होतं, पण त्यांना पदावर परत बसवायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष पुन्हा ३० दिवसांची नोटीस देऊन त्यांना काढू शकतातच, मग उपयोग काय, हा त्यामागचा विचार. कायदा मोडला हे सिद्ध झालं आणि खुर्च्या मात्र रिकाम्याच राहिल्या.

अडवून ठेवलेला पैसा

जीएओला काठी नाही, असं वर म्हटलं. खरं तर एक आहे, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली.

रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्चच करायचा नाही, असा सपाटा लावला होता. त्याला आळा घालायला १९७४ मध्ये कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांना एखादा खर्च रद्द करायचा असेल तर काँग्रेसला प्रस्ताव द्यायचा. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर पैसा सोडायचा. यावर लक्ष ठेवायचं काम जीएओचं, आणि पैसा सोडला नाही तर कंट्रोलर जनरल न्यायालयात जाऊ शकतो. पन्नासहून जास्त वर्षांत असा दावा एकदाच दाखल झाला, १९७५ मध्ये, घरबांधणीच्या निधीसाठी. सुनावणी पुरती व्हायच्या आधीच सरकारने पैसा सोडला.

त्यानंतर जीएओ फक्त लेखी निर्णय देत आली. २०२० च्या जानेवारीत तिने सांगितलं की युक्रेनच्या लष्करी मदतीचे २१.४ कोटी डॉलर अडवून अर्थसंकल्प कार्यालयाने कायदा मोडला. २०२५ मध्ये असे निर्णय एकामागून एक आले, विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांसाठीचा निधी, ग्रंथालयं आणि संग्रहालयांचं अनुदान, वैद्यकीय संशोधनाचा पैसा. सरकारने जीएओचं म्हणणं धुडकावलं. ऑगस्टच्या अखेरीस आर्थिक वर्ष संपायला महिना उरलेला असताना परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर रद्द करायचा प्रस्ताव पाठवला गेला. ४५ दिवस पुरे व्हायच्या आत वर्षच संपतं आणि मंजुरीही त्याबरोबर जाते, अशी ही पळवाट. जीएओच्या मते ती बेकायदा. मदत संस्था न्यायालयात गेल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये अंतरिम आदेशात पैसा अडवून ठेवू दिला. या कायद्याखाली खाजगी संस्थांना दावा करता येत नसावा, असा त्या आदेशाचा रोख होता.

मग दावा करायचा कुणी? बोट पुन्हा कंट्रोलर जनरलकडेच जातं. आणि त्याचं पाऊल का अडखळतं यालाही इतिहास आहे. २००२ मध्ये तेव्हाचे कंट्रोलर जनरल डेव्हिड वॉकर यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या ऊर्जा धोरणाच्या बैठकांना कोण हजर होतं याचे कागद मागितले, नकार आला, ते न्यायालयात गेले. न्यायालयाने दावा करायचा हक्कच मान्य केला नाही आणि वॉकर यांनी अपील केलं नाही. एकदा हरलेला खटला पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या वकिलांना पाठ असतो. काठी उगारून ती मोडली तर नुसत्या तिच्या असण्याचा धाकही जाईल, हे गणित मला पटतं. पण कधीच न उगारलेल्या काठीचा धाक फार दिवस टिकत नाही, हेही २०२५ ने दाखवलं.

२०२५ च्याच उन्हाळ्यात हाउसच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, विनियोग समितीने जीएओचं बजेट जवळजवळ निम्म्यावर आणायचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरमध्ये अंतिम कायदा झाला तेव्हा ही कपात टिकली नाही. अहवाल आवडो न आवडो, उद्या आपण विरोधी बाकावर बसलो तर हेच कागद हाताशी लागतील, हे दोन्ही पक्षांतल्या जुन्या खासदारांना ठाऊक असतं.

आता खुर्चीचा प्रश्न आहे. १९७३ मध्ये या संस्थेत लागलेले आणि तिथेच वर चढत गेलेले जीन डोडारो यांची १५ वर्षांची मुदत डिसेंबर २०२५ अखेर संपली. कायद्यात सोय अशी की जाणारा प्रमुख आपल्याच संस्थेतल्या कुणाला तरी काळजीवाहू म्हणून नेमून जाऊ शकतो. नवा प्रमुख येईपर्यंत काम तो माणूस पाहतो. दोन्ही पक्षांनी नावं सुचवायची, राष्ट्राध्यक्षांनी निवडायचं, सेनेटने होकार द्यायचा, ही सगळी प्रक्रिया घाईची नाही. चार्ल्स बाउशर १९९६ मध्ये गेले तेव्हा दोन वर्षांहून जास्त काळ काळजीवाहूच होता. २००८ मध्ये वॉकर मुदतीआधी गेले तेव्हा पावणेतीन वर्षं. राष्ट्राध्यक्षाशी न्यायालयात भांडायचं की नाही, हा निर्णय अशा मधल्या काळात काळजीवाहूच्या टेबलावर येऊन पडतो.